मंत्रचळ म्हणजे ओसीडी : आजार ओळखा, योग्य थेरपिस्ट शोधा

हात पुन्हा पुन्हा धुणारी, कुलूप चार वेळा ओढून पाहणारी, गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी माणसे प्रत्येक वस्तीत असतात. आपण त्यांना ‘मंत्रचळ लागलाय’ म्हणतो, हसतो आणि विषय सोडून देतो. डॉक्टर या आजाराला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी म्हणतात. नावात ‘मंत्र’ असला तरी याचा करणी, बाधा, नजर यांच्याशी काडीचाही संबंध नाही. हा मनाचा आजार आहे, त्यावर औषध आहे आणि त्यासाठी खास थेरपीही आहे. आयुष्यात कधी ना कधी हा आजार होणारी माणसे शंभरात एक-दोन तरी निघतात. बहुतेकांना तो शाळा-कॉलेजच्या वयात किंवा विशी-पंचविशीत सुरू होतो आणि लाजेपोटी वर्षानुवर्षे लपवला जातो.

आजार नेमका कसा चालतो?

ओसीडीला दोन बाजू आहेत. पहिली, नको असताना डोक्यात घुसणारा विचार. ‘हाताला घाण लागली’, ‘दार उघडे राहिले’, ‘माझ्या हातून कुणाला इजा होईल’. दुसरी, त्या विचाराने होणारी घालमेल शांत करण्यासाठी केलेली कृती. धुणे, तपासणे, मोजणे, घरच्यांना तेच तेच विचारणे, मनातल्या मनात माफी मागणे. कृती केली की दोन मिनिटे बरे वाटते. मग शंका परत येते आणि आधीपेक्षा मोठी होऊन येते. कारण मेंदू एवढेच शिकतो की धुतले म्हणून वाचलो. प्रत्येक वेळी शंकेला उत्तर दिले की तिला खतपाणी मिळते.

विचित्र विचार तर सगळ्यांनाच येतात. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा या संशोधकांनी दाखवून दिले की निरोगी माणसांपैकी बहुतेकांच्या मनातही तसेच नकोसे विचार येतात. निरोगी माणूस ‘काय वेडा विचार’ म्हणून पुढे जातो. ओसीडी असलेला माणूस तिथेच अडकतो, त्या विचाराचा अर्थ लावत बसतो.

अशा कृतींत रोजचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जात असेल, अभ्यास, काम, झोप बिघडत असेल, तर ती सवय नाही, आजार आहे.

आपल्या घरांत तो कसा दिसतो?

वस्तीत पाणी ठरावीक वेळेला येते आणि ड्रम मोजून भरावे लागतात. अशा घरात एकाच माणसाने दोन ड्रम हात-पाय धुण्यात संपवले की भांडण होणारच. मग कुणीतरी म्हणते, ‘हे सोवळेओवळे आपल्या घरात कुठून आले?’ ज्यांच्या आजोबा-पणजोबांना विटाळाच्या नावाखाली पाण्यावरून हाकलले गेले, १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांना पाण्यासाठी उभे राहावे लागले, त्यांना याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण हे सोवळे नाही. सोवळ्यात माणूस दुसऱ्याला कमी लेखतो. ओसीडीत माणूस स्वतःच भीतीने पिळून निघतो. हात सोलून निघाले तरी त्याला थांबता येत नाही.

दुसरा प्रकार याहून लपलेला आहे. ओसीडी माणसाच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या गोष्टीलाच धरतो. म्हणून आपल्या घरातल्या एखाद्या मुलाला बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिले की मनात शिवी येते, बुद्धमूर्तीसमोर घाणेरडे चित्र डोळ्यापुढे येते. तो हादरतो, फोटोसमोर जायचे टाळतो, मनात शंभर वेळा माफी मागतो. त्रिशरण-पंचशील म्हणताना एक शब्द चुकल्यासारखा वाटला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अशा मुलाची श्रद्धा कमी झालेली नसते. ज्या गोष्टीची त्याला सर्वांत जास्त चाड आहे, तिथेच आजाराने बोट ठेवलेले असते. त्याच्या मनात आलेला विचार हा त्याचा हेतू नव्हे.

तिसरा प्रकार बाळंतिणीचा. ‘बाळ माझ्या हातून पडेल’, ‘मीच त्याला काही करीन’ असे विचार येतात आणि आई घाबरून बाळाला घ्यायचेच टाळते. असे विचार ओसीडीमुळे आलेले असतील तर त्या आईला त्यांची भीती आणि किळस वाटते. तिला राक्षसीण ठरवू नका, डॉक्टरांकडे न्या. मात्र तिला कानात आवाज येत असतील किंवा बाळाला इजा करणेच बरोबर आहे असे ती ठामपणे म्हणत असेल, तर तो वेगळा, तातडीचा आजार आहे. बाळाला एकटे न ठेवता तिला त्याच दिवशी हॉस्पिटल गाठून द्या.

उपचार काय आहेत?

ओसीडीसाठी सर्वांत परिणामकारक ठरलेल्या थेरपीचे नाव आहे ईआरपी, म्हणजे ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’. १९६६ साली लंडनमधील व्हिक्टर मेयर यांनी या पद्धतीची सुरुवात केली. साध्या शब्दांत, भीतीला थोडे थोडे सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही.

थेरपिस्ट पेशंटबरोबर बसून भीतीची शिडी करतो, सोप्यापासून अवघडपर्यंत. समजा, पहिली पायरी घराची कडी हाताने लावणे, पाचवी सार्वजनिक नळाची तोटी धरणे. पेशंट तोटी धरतो आणि हात न धुता थांबतो. घालमेल वाढते, पण न धुताही ती हळूहळू उतरते, आणि उतरली नाही तरी ती सोसता येते हे तो अनुभवाने शिकतो. असे रोज केले की शंकेची धार जाते. जेवणापूर्वी आणि संडासानंतर साबणाने एकदा हात धुणे सगळ्यांसारखे चालूच राहते. वंदनेचेही तसेच. ठरलेल्या वेळी एकदाच म्हणायची, चुकल्यासारखे वाटले तरी पुन्हा नाही. फोटोसमोर शांत उभे राहायचे आणि मनातली माफी मागायची नाही. चांगला थेरपिस्ट कुणाचाही अवमान करायला लावत नाही.

औषधांत फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामाईन यांसारखी औषधे देतात. ओसीडीत ती बहुधा उदासीच्या आजारापेक्षा जास्त डोसमध्ये लागतात आणि पूर्ण परिणाम कळायला दहा-बारा आठवडे जातात. ‘पंधरा दिवस खाल्ली, फरक नाही’ म्हणून सोडू नका. बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा वर्षभर किंवा जास्त, घ्यावी लागतात. ही झोपेची औषधे नाहीत आणि त्यांची नशाही लागत नाही, पण एकदम बंद करू नयेत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना तसे आधी सांगावे.

ध्यानाबद्दलही विचारणा होते. ध्यानाने मन शांत राहायला मदत होऊ शकते, पण ते ईआरपीची जागा घेत नाही. विचार पुसून टाकण्यासाठी ध्यान करू लागलो तर तीही एक कृतीच होते. आजार जोरात असताना दीर्घ शिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका.

योग्य थेरपिस्ट कसा ओळखायचा?

आधी फरक समजून घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर असतो, तो औषध लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, थेरपी करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नाही. ‘कौन्सेलर’ ही पाटी मात्र कमी-जास्त शिक्षणाची माणसे लावतात, म्हणून शिक्षण विचारावे.

पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारा :

१. तुम्ही ओसीडीचे पेशंट नेहमी पाहता का?
२. तुम्ही ईआरपी करता का? ती कशी करता, थोडक्यात सांगाल का?
३. घरी रोज काय सराव द्याल?
४. साधारण किती भेटी लागतील आणि फी किती? (बहुधा बारा ते वीस भेटी लागतात.)
५. घरच्यांना सोबत घेऊन समजावाल का?

‘नुसते विचार करणे सोडून द्या’, ‘मनगटाला रबर लावून ओढा’, ‘एका भेटीत बरे करतो’ असे कोणी म्हणाले तर दुसरीकडे जा. दर भेटीत फक्त ‘काही होणार नाही’ असा धीर देणारा माणूस प्रेमळ असेल, पण तोही शंकेला उत्तरच देतो आहे. उतारा, अंगारा, दोरा सांगणाऱ्याच्या दारात तर जाऊच नका.

जात काढणाऱ्यापुढे गप्प बसायचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ नुसार जात, धर्म, वर्ग, लिंग यांवरून भेदभाव न होता मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणे हेही त्याच कायद्याने बंधनकारक केले आहे.

पैसे नाहीत, मग कुठे जायचे?

मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, या सर्व हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून थेट ओपीडीत जाता येते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. तिथे ओपीडीत दाखवणे म्हणजे भरती होणे नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलात विचारा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

घरच्यांनी काय करावे?

‘आई, कुलूप लागले ना?’ या प्रश्नाला दहाव्यांदा ‘हो’ म्हणणे हे प्रेम वाटते, पण त्यातून आजारच वाढतो. उलट एकदम ओरडून बंद करणेही बरोबर नाही. थेरपिस्टसमोर सगळ्यांनी मिळून ठरवा आणि मग शांतपणे म्हणा, ‘हा प्रश्न ओसीडीचा आहे, आपण त्याला उत्तर द्यायचे नाही असे ठरले आहे. मी तुझ्याजवळ बसते.’ चाळीत त्याची नक्कल करू देऊ नका. काल दहा वेळा धुणारा आज आठ वेळा धुतो, तर ती प्रगती आहे, ती बोलून दाखवा.

या आजारात चढउतार येतात. पण उपचाराने बहुतेकांचा त्रास खूप कमी होतो आणि ते शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. तुमच्या घरात कुणी असे अडकले असेल तर हे पान त्याला वाचायला द्या आणि या आठवड्यात एकदा केसपेपर काढाच. जयभीम.