सेक्स टॉय वापरताय? मग निरोधही हवाच

विटा-आटपाडी, माण-खटावची कितीतरी जोडपी गलाई, नोकरीपायी महिनोन्महिने लांब असतात. व्हायब्रेटरसारखी वस्तू आता ऑनलाइन मागवता येते, पण ती कशी वापरायची हे विचारायची लाज वाटते. म्हणून थेट सांगतो.

अशी वस्तू दोघांनी वापरली, तर एकाचा स्राव किंवा रक्त दुसऱ्याला लागून संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे तिच्यावर निरोध चढवा. माणूस बदलला की निरोध बदला. गुदद्वारानंतर योनीत वापरायची असेल तरीही नवा घ्या. खोबरेल तेल, व्हॅसलीन नको, त्यानं रबर कमजोर होऊन निरोध फाटतो. पाण्यावर आधारित जेल चालतं. नंतर वस्तू साबणानं धुऊन कोरडी करा. मोटारीची असेल तर पाण्यात बुडवू नका.

सांगलीत १९९२ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच निरोध वाटले, त्यावर उघड बोलल्या. मग नवरा-बायकोनं घरात बोलायला काय हरकत आहे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोध मोफत मिळतात. पाकिटावरची तारीख बघा. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.