पहिल्या गिलाव्याचा भाव

‘गिलावा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्यातला ‘गिल’ म्हणजे माती. आता मातीच्या जागी सिमेंट-वाळू आली. नव्या गवंड्याची परीक्षा मात्र थापी उचलण्याआधीच होते. मालक विचारतो, “काय घेणार?”

बहुतेक पोरं मुरलेल्या मिस्त्रीपेक्षा चार रुपये कमी सांगतात. त्याचा हिशेबच मांडू या. खोली दहा बाय बारा फूट, उंची दहा. चार भिंती ४४० चौरस फूट. दार-खिडक्या वजा जाता ४००, म्हणजे चार ब्रास. मुरलेला गवंडी हे चार दिवसांत उरकतो. त्याची हजेरी हजार आणि बिगाऱ्याची सातशे समजा. मजुरी ६,८०० झाली, फुटाला १७ रुपये. नवख्याला सहा दिवस लागतात. बिगाऱ्याचे ४,२०० चुकत नाहीत. दर १७ मिळाला तर हाती २,६०० उरतात. १३ सांगितला तर सहा दिवसांचे हजार! बिगारी चौपट कमावून जातो.

म्हणून पहिलं काम उक्तं न घेता हजेरीवर घ्यावं. हजेरी थोडी कमी सांगायला हरकत नाही, पण फुटाचा दर पाडू नये. गल्लीत तोच आपला दर होऊन बसतो. परांची कुणाची, पाणी कोण मारणार, खिडक्यांच्या कडा वेगळ्या मोजायच्या का, हे आधीच बोलावं. आणि बोलण्याआधी भिंतीला ओळंबा लावून पाहावा. अर्ध्या इंचाऐवजी इंचभर थर द्यावा लागला, तर माल मालकाचा जातो, दिवस आपला.