'चेक इंजिन'चा दिवा लागला? सेन्सर बदलण्याआधी ही ५ मिनिटांची टेस्ट करा

गाडीचं पिकअप गेलंय, ॲव्हरेज पडलंय आणि डॅशबोर्डवर पिवळा 'चेक इंजिन' दिवा लागलाय. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड येतो पी०१०७, आणि बऱ्याचदा लगेच निकालही लागतो: "सेन्सर गेला, नवीन टाका." पैसे द्यायच्या आधी जरा थांबा. या कोडचा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाही. प्रेशर सेन्सरकडून येणारा सिग्नल फार कमी आहे, एवढंच तो सांगतो. तुटलेली वायर किंवा गंजलेला कनेक्टर असला तरी हाच कोड येऊ शकतो.

हा सेन्सर करतो काय?

इंजिनात हवा ज्या मॅनिफोल्डमधून जाते, तिथला दाब मोजणारा हा मॅप सेन्सर. हवा किती आली यावरून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. आकडा चुकला की पेट्रोलचं गणित चुकतं.

टेस्ट १: चावी ऑन, इंजिन बंद

स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डजवळ १६ पिनचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ ओबीडी ॲडॅप्टर लावा, फोनवर ओबीडी ॲप उघडा आणि 'मॅनिफोल्ड प्रेशर' बघा. (काही गाड्यांत मॅपऐवजी हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथे हा आकडा कदाचित दिसणार नाही.)

इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. म्हणजे सेन्सरने आपल्या गावाच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो साधारण १०१ किलोपास्कल. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच, म्हणून इथे साधारण ९४. तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरला गेलात तर ९६ च्या आसपास. त्यामुळे यूट्यूबवर कुणी "१०१ आलाच पाहिजे" म्हणत असेल, तर धाराशिवमध्ये ते लागू नाही. दोन-तीनचा फरक चालतो. पण ६० किंवा १२० दिसला तर गडबड आहे.

ताळा करायचा असेल तर फोनमधला बॅरोमीटर वापरा (सगळ्या फोनमध्ये नसतो). तो ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवेल. १० ने भागा. हवामानाच्या ॲपमधला आकडा मात्र घेऊ नका. तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीच्या हिशोबाने वाढवलेला असतो.

टेस्ट २: इंजिन चालू

पेट्रोल गाडी गरम झाल्यावर आयडलला आकडा साधारण ३० ते ४५ वर उतरला पाहिजे. ९४ वरच अडकला तर सेन्सर जाम झालाय किंवा त्याचा पाइप निघालाय अथवा चोंदलाय. ५५-६० वर राहिला तर कुठेतरी हवा गळत असू शकते. तडकलेला रबरी पाइप शोधा. टर्बो डिझेलला मात्र हा नियम लावू नका. तिथे आयडलला आकडा बाहेरच्या हवेच्या आसपासच राहतो आणि लोडवर जोर दिला की वर जातो.

टेस्ट ३: वायरिंग

चावी बंद करून सेन्सरचा प्लग काढा, मग चावी ऑन करून मल्टिमीटर लावा. एका वायरवर ५ व्होल्ट आणि एक अर्थ मिळायला हवा. ५ व्होल्टच नसतील तर नवा सेन्सर टाकूनही फरक पडणार नाही. उंदराने वायर कुरतडली आहे का, तेही बघा. ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नलची वायर आणि पाइप हे सगळं ठीक असूनही आकडा चुकत असेल, तेव्हाच सेन्सर बदला.

लाल दिव्याला ही टेस्ट नाही!

तेलाच्या किटलीचा लाल दिवा म्हणजे ऑइल प्रेशर. चालत्या गाडीत तो लागला तर "सेन्सरच असेल" म्हणत पुढचं गॅरेज गाठू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, थोड्या वेळाने डिपस्टिकवर ऑइल बघा. ऑइल बरोबर असलं तरी इंजिन परत चालू न करता गाडी टो करून न्या. ऑइल प्रेशरचा खरा आकडा बहुतेक गाड्यांत फोनवरच्या ॲपला मिळत नाही. मेकॅनिक प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावतो, तेव्हाच दोष स्विचचा की पंपाचा ते कळतं. स्विच काहीशे रुपयांचा असतो. सीझ झालेलं इंजिन त्याच्या कित्येक पट महाग पडतं.

आणि हो, ॲपवर 'क्लिअर कोड' दाबण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. मेकॅनिकशी बोलताना तो तुमच्या हातात असू द्या.