विद्यार्थ्यांनी बांधलेली घरे

वास्तुशिल्पाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी पाच वर्षे करतो तरी काय, असा प्रश्न पालक आम्हांस पुष्कळदा विचारतात. वैद्यकीचा विद्यार्थी रुग्णालयात रोगी पाहतो, कायद्याचा विद्यार्थी न्यायालयात जाऊन बसतो. परंतु वास्तुशिल्पाचा विद्यार्थी रात्रंदिवस कागदावर रेघा ओढताना व पुठ्ठ्याची इवलीशी घरे कापताना दिसतो. वर्षाच्या अखेरीस परीक्षकांपुढे तो आपला आराखडा मांडतो, गुण मिळवितो, आणि ते पुठ्ठ्याचे घर माळ्यावर जाऊन पडते. त्या घरात कोणी राहत नाही, त्यावर पाऊस पडत नाही. सबब त्याचे छप्पर गळते किंवा नाही हे त्या विद्यार्थ्यास कधीच कळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले आहेत. १९६७ साली येल विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स मूर यांच्या प्रेरणेने तेथील विद्यार्थ्यांनी केंटकी संस्थानातील न्यू झायन या खेड्यात एक सभागृह स्वतःच्या हातांनी उभारले. तथापि या बाबतीत आज जगात अधिक नावाजलेला आहे तो अलाबामा संस्थानातील ऑबर्न विद्यापीठाचा ‘रूरल स्टुडिओ’. तो १९९३ साली सॅम्युअल मॉकबी व डी. के. रूथ या दोन अध्यापकांनी सुरू केला. त्याचे ठिकाण विद्यापीठात नव्हे, तर तेथून सुमारे १५० मैल दूर, हेल परगण्यातील न्यूबर्न या दोनशेंहून कमी वस्तीच्या खेड्यात आहे.

हा प्रदेश कसा आहे, हे सांगितल्यावाचून पुढील गोष्ट नीट समजणार नाही. यास तिकडे ‘काळा पट्टा’ म्हणतात, आणि हे नाव प्रथम पडले ते तेथील काळ्या मातीवरून. काळी माती म्हटली की कापूस आला, हे आपल्या वऱ्हाड-खानदेशातील वाचकांस सांगावयास नको. परंतु तेथील कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत असे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली; दारिद्र्य मात्र राहिले. १९३६ साली जेम्स एजी हा लेखक व वॉकर एव्हन्स हा छायाचित्रकार या परगण्यातील कुळांच्या घरी जाऊन राहिले, आणि त्यांचे पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर मॉकबी आपले विद्यार्थी घेऊन तेथे आले, तेव्हाही मोडक्या फळ्यांच्या, नळाचे पाणी नसलेल्या झोपड्यांतून कुटुंबे राहत होती.

पहिले घर १९९४ साली मेसन्स बेंड या वस्तीत एका वृद्ध दांपत्यासाठी बांधले. पैसा थोडा, म्हणून भिंतींस वाळल्या गवताचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांप्रमाणे रचले व त्यांवर गिलावा केला. गवताची भिंत ऐकून कोणास हसू येईल. वस्तुतः ती जाड असल्यामुळे उन्हाळ्यात उष्णता आत येऊ देत नाही व हिवाळ्यात ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्या दांपत्याजवळ नातवंडे राहत. त्यांच्या निजण्यासाठी मागील बाजूस गोल आकाराच्या तीन लहान खोल्या काढल्या. घरासमोर लांब ओसरी ठेवली, आणि तिजवर उजेड आत येईल असे छप्पर घातले.

‘अवकाश’ हा शब्द वास्तुशिल्पाच्या पुस्तकांत पावलोपावली येतो आणि विद्यार्थ्यांस भिववितो. त्याचा अर्थ या ओसरीत सापडतो. सामान्य मनुष्य घर म्हणजे भिंती समजतो व भिंतींचा खर्च मोजतो. भिंतींमध्ये जी मोकळी जागा उरते तीत माणूस राहतो. सबब ती कोठे, किती व कशी असावी हे ठरविणे हेच शिल्पज्ञाचे मुख्य काम होय. संध्याकाळी म्हातारा कोठे बसतो, वारा कोणत्या दिशेने येतो, शेजारी रस्त्याने जाताना हाक मारतो ती कोठे ऐकू येते, हे विद्यार्थ्यांनी प्रथम त्या कुटुंबाजवळ बसून जाणून घ्यावयाचे आणि मगच पेन्सिल हाती धरावयाची, असा तेथील क्रम. १९९७ सालचे ‘फुलपाखरू-घर’ याच रीतीने झाले. त्यातील जोडपे दिवसाचा बहुतेक वेळ बाहेर घालवी, म्हणून त्या लहानशा घराचा मोठा भाग ओसरीसच दिला. तिचे छप्पर पंखांप्रमाणे दोहों बाजूंस उचललेले आहे. त्यावरील पावसाचे पाणी एके ठिकाणी येऊन टाकीत साठते. चाकांच्या खुर्चीसाठी पायऱ्यांऐवजी उतार केला आहे.

उपासनामंदिराचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९५ साली तीन विद्यार्थ्यांनी सॉयरव्हिल गावाजवळ मोटारींच्या सुमारे एक हजार टाकाऊ टायरांत माती ठासून भिंती रचल्या, वर गिलावा केला आणि जुन्या इमारतींचे लाकूड व गंजलेले पत्रे आणून छप्पर घातले. पुढे २००० साली मेसन्स बेंड येथील सभास्थानाच्या भिंती कुटलेल्या मातीच्या केल्या, आणि छपराच्या एका बाजूस भंगारात गेलेल्या मोटारींच्या पुढील काचा खवल्यांसारख्या बसविल्या. या चमत्कृतीची चित्रे देशोदेशींच्या मासिकांत छापून आली.

येथे मात्र एक आक्षेप उपस्थित होतो, व तो आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. श्रीमंत मनुष्य आपल्या घरावर असे प्रयोग करू देईल काय? गरिबास दुसरा मार्ग नाही म्हणून त्याच्या घरास गवत अन् टायर लावून पाहावे, हा न्याय कोणता? याचे एक उत्तर असे की, विद्यार्थी महिनोन्‌महिने त्याच गावात राहतात. ज्याच्यासाठी घर बांधले त्यास रोज तोंड दाखवावे लागते. गरीब असो वा श्रीमंत, प्रत्येकास केवळ आसरा नव्हे तर आत्म्यासही निवारा देणारे घर मिळाले पाहिजे, असे मॉकबी यांचे म्हणणे असे. तरीही प्रश्न पुरता सुटत नाही. दान म्हणून मिळालेले घर एकास मिळते. शेजारच्या शंभर जणांचे काय?

मॉकबी २००१ च्या डिसेंबरात रक्ताच्या कर्करोगाने निवर्तले. त्यांच्यामागून अँड्र्यू फ्रीअर यांनी सूत्रे हाती घेतली, आणि कामाचा रोख हळूहळू बदलला. गावास काय हवे, याकडे अधिक लक्ष गेले. २००४ साली न्यूबर्नमध्ये आगीच्या बंबाचे ठाणे उभे राहिले. पुढे गावचा सभामंडप झाला, आणि एका जुन्या बँकेच्या इमारतीत वाचनालय झाले. शेजारच्या पेरी परगण्यात तर त्यांनी भूमीचेच शिल्प केले म्हणावे. कहाबा नदीने जुने पात्र सोडल्यामुळे तेथे तळी झाली आहेत. त्यांभोवतीचे उद्यान बरीच वर्षे बंद पडले होते. विद्यार्थ्यांनी तेथे एक मंडप, छपराचा पूल व शौचगृहे बांधली. (त्यांतील एका शौचगृहाची भिंत धुराड्यासारखी उंच असून आत बसणारास वर केवळ आकाश दिसते! विद्यार्थी कोठेही गेले तरी विद्यार्थीच.) वणवा पाहण्यासाठी पूर्वी उभारलेला सुमारे १०० फुटी लोखंडी मनोरा दुसरीकडून सोडवून आणला व २००५ साली पक्षी पाहण्यासाठी तेथे उभा केला. रानातून जाणारी वाट, मग पूल, मग मनोऱ्याचा जिना, असे चालत गेले म्हणजे झाडांचे शेंडे पायांखाली येतात.

परंतु आमच्या मते या सर्वांहून कठीण काम निराळेच आहे, व त्याचे चित्र मासिकांत फारसे शोभत नाही. २००५ साली विद्यार्थ्यांपुढे असा प्रश्न ठेवण्यात आला: सरकारी पेन्शनीवर जगणाऱ्या मनुष्यास जेवढे कर्ज फेडता येईल तेवढ्यात त्याचे घर बसवा. तो आकडा २०,००० डॉलर ठरला, आणि त्यात सामानाबरोबर कंत्राटदाराची मजुरी व नफाही धरावयाचा होता. विद्यार्थ्यांचे श्रम फुकट असतात, म्हणून त्यांच्या घराची खरी किंमत झाकली जाते. ही पळवाट येथे बंद झाली. लाकडाची प्रत्येक फळी मोजून, खिळे मोजून, भिंतींची लांबी बाजारात मिळणाऱ्या फळीच्या मापास जुळवून घरे काढावी लागली. दिसावयास ती साधी: पुढे ओसरी, वर पत्रा, एक निजण्याची खोली. अशा घरांचे अनेक नमुने वर्षानुवर्षे बांधून, त्यांत राहणारांस विचारून, सुधारले गेले.

आणि घर स्वस्त झाल्यावर नवीच अडचण पुढे आली. मोठ्या कर्जास बँकेस जेवढी लिखापढी करावी लागते, तेवढीच लहान कर्जास लागते. म्हणून एवढे लहान कर्ज देण्यास बँका नाखूष. ही गोष्ट कोणत्याही नकाशात दिसत नाही. हल्ली तेथील मंडळी घरांचे नकाशे इतर ठिकाणच्या घरबांधणी संस्थांस देतात आणि त्यांच्याबरोबर कर्ज, विमा व विजेचे मासिक बिल यांचाही हिशेब मांडतात. वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्यास व्याजाचे गणित का यावे, असे आमच्या वर्गात कोणी विचारले, तर आम्ही त्यास या घरांचे नकाशे दाखवितो.