'सापडलं नाही' म्हणजे 'नाही' नव्हे



प्रकल्पासाठी माहिती कशी शोधायची, हा आजचा विषय. तो संगणकाचा वाटतो, पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही. पण त्याला एक अट आहे: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. हिला योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधाऱ्या खोलीत डोकावून 'घडा नाही' असं म्हणता येत नाही.

आता आपले प्रकल्प पाहा. त्यांत एक वाक्य हमखास असतं: 'या विषयावर फारशी माहिती उपलब्ध नाही.' आमचा प्रश्न एवढाच, की दिवा लावला होता का?

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घेऊ. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं लुटली, कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. हे लोण लवकरच पारनेर, श्रीगोंदा या भागांत आलं. समजा, यावर प्रकल्प करायचा आहे. आपण गूगलमध्ये 'अहिल्यानगर शेतकरी उठाव' असं टाकतो. काय मिळणार? जिल्ह्याचं नाव 2024 साली बदललं. त्याआधीच्या कागदांत 'अहमदनगर'च असणार. इंग्रजीत तर तेही एकसारखं नाही. 1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये 'अहमद'च्या स्पेलिंगमध्ये आज रूढ असलेल्या 'ई' ऐवजी 'ए' आहे. पुण्याचं 'पूना' आहे. श्रीगोंद्याला जुन्या कागदांत चांभारगोंदा हेही नाव आढळतं. आणि घटनेला कोणी 'दख्खनचे दंगे' म्हणतं, कोणी 'सावकारविरोधी उठाव', इंग्रजीत 'डेक्कन रायट्स'. सरकार ज्याला दंगा म्हणतं, त्याला शेतकऱ्याची बाजू घेणारा उठाव म्हणतो. म्हणजे शब्द बदलला की माणसं बदलतात, बाजू बदलते. म्हणून शोधायला बसण्याआधी वहीत नावांची यादी करा: आजचं नाव, त्या काळचं नाव, सरकारी नाव, लोकांचं नाव.

मग यंत्राला नीट विचारा. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातला की तो जसाच्या तसा शोधला जातो. नको असलेल्या शब्दाआधी, मध्ये जागा न सोडता, वजाचं चिन्ह द्या. इंग्रजीत 'साइट' लिहून कोलन आणि त्याला लागून संकेतस्थळाचा पत्ता दिला की तेवढ्याच ठिकाणी शोध होतो. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे, जुन्या पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह आहे.

मराठीची एक अडचण मात्र कोणी सांगत नाही. कितीतरी मराठी पुस्तकं आणि प्रबंध युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत, किंवा नुसते स्कॅन केलेले. डोळ्यांना अक्षर दिसतं, यंत्राला दिसत नाही. शिवाय शुद्धलेखन: जोतीराव फुल्यांच्या ग्रंथाचं नाव कुठे 'असूड' छापतात, कुठे 'आसूड'. दोन्ही टाकून पाहा. तरी नाही मिळालं, तर फाइल उघडून अनुक्रमणिका वाचायची. दुसरा उपाय नाही.

आता ग्रंथालय. आपल्या शहरातलं जिल्हा वाचनालय 1838 पासूनचं आहे. तिथे जाऊन 'दंग्यांवरचं पुस्तक द्या' म्हणू नका. ड्यूई पद्धतीत एकच विषय तीन कपाटांत विखुरलेला असतो: भारताचा इतिहास 954 मध्ये, कर्ज आणि पतपुरवठा 332 मध्ये, शेती 630 मध्ये. कपाटापाशी गेल्यावर शेजारची दहा पुस्तकंही हातात घ्या. आणि ग्रंथपालांशी बोला. प्रश्न पूर्ण सांगा, नुसतं पुस्तकाचं नाव नको.

एक चांगलं पुस्तक मिळालं की त्याच्या तळटिपा धरून मागे जा. तिथून आपण दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालापर्यंत पोचतो. पण तो अहवालही शब्दप्रमाण आहे. बोलणारा आप्त आहे का, हे तपासायचं. अहवाल सरकारचा, मग शेतकऱ्याचं बोलणं त्यात कोणाच्या हातून आलं? आणि पूर्वपक्ष मुद्दाम शोधा. नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 साली लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच या दंग्यांना 'मिथक' म्हटलंय. तो न वाचता दंग्यांचं महत्त्व सांगणारा प्रकल्प अर्धाच. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्ता संदर्भांची यादी झटकन देते. त्यातली काही पुस्तकं जगात नसतातच. प्रत्येक नाव ग्रंथालयाच्या तालिकेत पडताळा.

शेवटचं सांगतो. शोधाची नोंदवही ठेवा: तारीख, कुठे शोधलं, कोणत्या शब्दांनी, काय मिळालं. कारण 'माहिती उपलब्ध नाही' हे वाक्य पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तसंच उतरवून घेतो, आणि एखादं गाव इतिहासातून गळून पडतं. त्याऐवजी लिहा, 'या या ठिकाणी, या या नावांनी शोधलं, सापडलं नाही.' मग पुढच्याला दिवा कुठे लावायचा राहिलाय, ते कळेल.

आता तुमचे विषय सांगा. एकेकाच्या नावांची यादी इथेच करून पाहू.