साखरेचा आजार : शरीराबरोबर मनही सांभाळा



दर अंकात आम्ही लागण, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. हल्ली गटात फेरीला गेलो की "यंदा साखर किती लागली?" असा प्रश्न कानावर येतो. आधी वाटते उताऱ्याचे विचारतात. मग कळते, रक्तातल्या साखरेची चौकशी चालली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. पथ्य आणि औषध डॉक्टर सांगतातच. पण या आजाराने मनाचे जे होते, त्याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही स्वतः त्यातलेच. नऊ वर्षांपूर्वी ऐन गळीत हंगामात तपासणी झाली आणि साखर निघाली. "साखर कारखान्याच्या माणसाला नाही होणार तर कोणाला होणार!" अशी चेष्टा झाली. आम्हीही हसलो, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पुढे दीड वर्ष आम्ही कोणाला सांगितले नाही. वस्तीवर गेले की चहा पुढे येतो, आणि नको म्हटले तर यजमानाला वाईट वाटते. दिवसाला सात-सात गोड चहा घेतले आणि गोळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात लपवल्या. रक्त तपासायचे टाळले. आकडा पाहिला नाही म्हणजे आजार नाही, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्याला माती परीक्षण करा म्हणून सांगणारा माणूस स्वतःचे परीक्षण चुकवत होता.

हा आळस नव्हे

रोज गोळी, रोज पथ्य, रोज काळजी, आणि सुट्टी एक दिवसाचीही नाही. याचा माणसाला शीण येतो. चीड येते, लाज वाटते, "माझ्याच वाट्याला का?" असे वाटते. शेवटी "जाऊ द्या, व्हायचं ते होऊ द्या" म्हणून माणूस औषध सोडतो. डॉक्टर मंडळी याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली तो मोजण्याची प्रश्नावलीही प्रसिद्ध केली. म्हणजे हा त्रास खरा आहे, मोजता येणारा आहे. तो दुबळेपणा नव्हे.

आमच्या ओळखीच्या एका सभासदाने असेच कंटाळून सहा महिने औषध बंद केले. पायाला फणकट लागले ते कळलेच नाही, कारण पायाची जाणीव कमी झाली होती. शेवटी एक बोट काढावे लागले. ते आम्हाला म्हणाले, "साहेब, गोळीचा कंटाळा नव्हता. रोज घरात त्याच विषयाचा कंटाळा आला होता."

आकड्यावर रागावू नका

तोडणीआधी आपण रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहतो. ब्रिक्स कमी आला म्हणून उसाला कोणी शिव्या देत नाही. तोडणी पुढे ढकलायची की पाणी तोडायचे, एवढेच ठरवतो. रक्ताच्या आकड्याचे तसेच आहे. तो काय करायचे ते सांगतो, तुमची लायकी ठरवत नाही. शिवाय एका उसाच्या ब्रिक्सवरून फडाचा निकाल लावत नाहीत, सरासरी काढतात. 'एचबीए१सी' ही तपासणी अशीच साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. लग्नातल्या एका जेवणाने साखर वाढली, तर सगळे बिघडले असे मानू नये.

दुसरी गोष्ट क्षारपड जमिनीची. कालव्याखालच्या सभासदांना ती चांगली माहीत आहे. चर काढले, ताग-धैंचा गाडला, पाणी बेताने दिले की तीच जमीन पीक देते. चर बुजू दिले की क्षार पुन्हा वर येतात. म्हणून कोणी जमीन टाकून देत नाही, सांभाळून कसतो. आपले शरीरही तसेच कसायचे आहे.

घरच्यांसाठी

भाकरी मोजणे, पाहुण्यांसमोर "यांना शिरा देऊ नका" म्हणणे, यामागे माया असते, पण माणूस ओशाळतो आणि चोरून खायला लागतो. आमच्या घरीही हेच झाले. एक दिवस आम्ही बायकोपुढे सगळे मोकळे केले. तेव्हापासून तिने मोजणे सोडले आणि संध्याकाळी आमच्याबरोबर चालायला येऊ लागली. पाहारा नको, सोबत हवी.

आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी

१. चारचौघांत सांगून टाकले. आता वस्तीवर आमच्यासाठी बिनसाखरेचा चहा आपोआप येतो. मान कमी झाला नाही.

२. सगळे एकदम बदलले नाही. पहिल्या महिन्यात फक्त चहा, दुसऱ्यात फक्त चालणे.

३. रोज रात्री पाय पाहतो. फडात अनवाणी जात नाही.

४. इन्सुलिनचे नाव निघाले की "आता संपलं" असे पुष्कळांना वाटते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले गेले. मरणाच्या दारातला तो मुलगा त्यानंतर १३ वर्षे जगला. इन्सुलिन हा आधार आहे, शिक्षा नव्हे.

५. औषध जड वाटत असेल, परवडत नसेल, तर गुपचूप सोडू नका. डॉक्टरांना तसे सांगा. मार्ग निघतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्याला उपचार आहेत. घाटीत मानसोपचार विभाग आहे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतून, मोफत बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. तीस वर्षांवरील प्रत्येकाने गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी.

जाता जाता एक. आमच्या शर्टाच्या खिशात नेहमी साखरेची पुडी असते. औषध चालू असताना उपाशीपोटी उन्हात राबले, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात कापतात, विनाकारण राग येतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. दोन वर्षांपूर्वी ऊस नोंदणीच्या वेळी आम्हाला असेच झाले, तेव्हा एका सभासद भगिनीने आमच्याच खिशातली पुडी काढून पाजली. आम्ही आजार लपवून ठेवला असता, तर पुडी कुठे आहे हे तिला कळले नसते.

पुढील अंकात खोडवा व्यवस्थापन.

आपला,
ऊस विकास अधिकारी