मांजरीची शुगर तपासा घरच्या घरी

निरोगी मांजरीची शुगर साधारण ८० ते १२० असते. पण दवाखान्यात भीतीनेच ती ३०० च्या पुढे जाऊ शकते. म्हणून मधुमेही मांजरीची घरी घेतलेली नोंद जास्त भरवशाची ठरते. डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या, मग घरी असं करा :

* कान कोमट कापडाने शेका, म्हणजे रक्त सहज येतं.
* कानाच्या कडेला, मागे कापूस धरून लॅन्सेटने हलकेच टोचा.
* थेंब स्ट्रिपला लावा आणि कापसाने मिनिटभर दाबून धरा.
* दर वेळी तिचा आवडता खाऊ द्या. हळूहळू ती स्वस्थ बसायला शिकते.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजरीची शुगर बहुधा कमी दाखवतो, म्हणून प्राण्यांसाठीचा मीटर घ्या. आकडा आणि वेळ वहीत लिहा.

इन्सुलिनआधी आकडा नेहमीपेक्षा बराच कमी आला, तर इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. मांजर झोकांड्या खात असेल, थरथरत असेल, तर हिरड्यांना थोडा मध चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. शुगर वाढण्यापेक्षा एकदम उतरणं तिच्या जिवावर लवकर बेततं.